झेडएफएस पूलचा स्क्रब दरमहा लागतो, पण पुरा होत नाही: कारणे आणि उपाय

झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या पूलची, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या साठ्याची, दरमहा तपासणी (‘स्क्रब’) व्हावी म्हणून वेळापत्रक लावलेले असते, क्रॉनमधील, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतील, ओळ जागच्या जागी असते, कुठेही चुकीची नोंद नसते. आणि तरीही ‘झेडपूल स्टेटस’ ही कमांड दिली की ‘स्कॅन’ या ओळीत शेवटच्या पूर्ण स्क्रबची तारीख गेल्या चवथीच्या आसपासची निघते. हाताने स्क्रब लावला तर तो विनातक्रार पार पडतो आणि सगळे मार्गी लागल्यासारखे वाटते, पण काही महिन्यांनी पाहावे तर तारीख पुन्हा तिथेच अडकलेली असते. म्हापशातील एखादा फोटो स्टुडिओ, फोंड्यातील एखाद्या सीएचे कार्यालय, जुन्या नाट्यप्रयोगांची ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवून ठेवणारे एखादे मंडळ, अशा गोव्यातील लहान ठिकाणी ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि दर वेळी तिचे खापर डिस्कवर फोडले जाते. डिस्कचा दोष त्यात क्वचितच असतो. वेळापत्रकाला स्क्रब सुरू करण्याचा दिवस तेवढा ठाऊक असतो. तो संपला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नसते.

स्क्रबचे काम थोडक्यात असे. पूलवर जेवढी जागा वापरात आहे, तेवढी सगळी वाचली जाते, प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळतो का ते पाहिले जाते, आणि जुळला नाही तर मिररमधील (डिस्कवर एकसारख्या प्रती ठेवणाऱ्या रचनेतील) दुसऱ्या प्रतीवरून किंवा रेडझेड या रचनेतील पॅरिटीवरून (दुरुस्तीसाठी ठेवलेल्या जादा माहितीवरून) तो ब्लॉक दुरुस्त केला जातो. रोज उघडल्या जाणाऱ्या फाइलींची तपासणी वाचताना आपोआप होते. खरा प्रश्न आहे तो पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या चित्रीकरणाचा, जे कोणी उघडत नाही आणि एक दिवस ग्राहक मागतो. मिररमधील एक डिस्क बंद पडली आणि नेमका तोच ब्लॉक उरलेल्या डिस्कवर आधीपासून खराब असला, तर तो परत मिळवण्याचा मार्ग पूलकडे राहत नाही. एकाच डिस्कच्या पूलवर स्क्रब खराबी दाखवतो, पण सर्वसाधारण मांडणीत फाइलींतील माहिती दुरुस्त करू शकत नाही, हेही येथेच नमूद करावे.

निदानाची सुरुवात ‘झेडपूल हिस्टरी’ या कमांडने करावी. नुसत्या पाहणीच्या कमांड वगळता पूलवर दिलेली प्रत्येक यशस्वी कमांड तारीख-वेळेसह तेथे नोंदलेली असते, मग ती माणसाने दिलेली असो वा क्रॉनने. ज्या रविवारी स्क्रब व्हायला हवा होता, त्या रविवारची नोंद इतिहासात नसेल, तर स्क्रब सुरूच झाला नाही. नोंद आहे, पण ‘झेडपूल स्टेटस’मध्ये पूर्ण झाल्याची ओळ नाही, असे असेल तर तो मध्येच अडला. या दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच बहुतेकांचे उपाय फसतात.

आधी ‘सुरूच झाला नाही’ हा प्रकार घेऊ. डेबियन, उबुंटू आणि डेबियनवर उभे असलेले प्रॉक्समॉक्स या लिनक्सच्या प्रकारांत झेडएफएसच्या पॅकेजबरोबर क्रॉनची एक ओळ तयार येते, आणि ती महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री १२ वाजून २४ मिनिटांनी स्क्रब लावते. आपल्याकडच्या लहान कार्यालयांत शनिवारी संध्याकाळी मशीन बंद करून, यूपीएसचे बटण दाबून, वर भिंतीवरचा स्विचही बंद करून मंडळी घरी जातात. पावसाळ्यात तर विजांच्या भीतीने हे अगदी कटाक्षाने पाळले जाते. क्रॉन चुकलेले काम मागाहून करत नाही. दुसरा रविवार गेला की थेट पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार, आणि तोही सुट्टीचाच. असे मशीन वर्षभर विनातक्रार चालते आणि त्यावर वर्षभरात एकही स्क्रब होत नाही.

याच तयार स्क्रिप्टमध्ये आणखी एक बारकावा आहे: ती फक्त ‘ऑनलाइन’ अवस्थेतील पूलच निवडते. मिररमधील एक डिस्क गळून पूल ‘डिग्रेडेड’ झाला, की नियमित स्क्रब मुकाट्याने थांबतो. असे का ठेवले असावे हे समजण्याजोगे आहे, कारण अशा वेळी पहिले काम डिस्क बदलण्याचे असते. पण ज्या कार्यालयात डिग्रेडेड अवस्थेची दखल कोणी घेतलेली नाही, तेथे तपासणीही बंद आहे हे कोणाच्या लक्षात येणार?

ट्रूनॅस ही साठवणीच्या सर्व्हरची प्रणाली वापरणाऱ्यांची अडचण निराळी आणि निव्वळ अंकगणिताची आहे. तेथे स्क्रबच्या कामाला वेळापत्रकाबरोबर ‘थ्रेशोल्ड’ नावाचा दिवसांचा आकडा असतो आणि तो मुळात ३५ असतो. शेवटच्या स्क्रबला तेवढे दिवस उलटले नसतील तर वेळापत्रकाची वेळ येऊनही काम सोडून दिले जाते. मूळ वेळापत्रक दर रविवारचे असल्यामुळे हा मेळ नीट बसतो. पण कोणी ‘महिन्यातून एकदा’ म्हणून वेळापत्रक १ तारखेचे केले आणि ३५ ला हात लावला नाही, तर पुढच्या १ तारखेपर्यंत ३० किंवा ३१ दिवसच झालेले असतात, काम टळते, आणि स्क्रब प्रत्यक्षात दोन महिन्यांतून एकदा होतो. वेळापत्रक पुन्हा साप्ताहिक करावे किंवा आकडा २५च्या आसपास आणावा.

क्रॉनची ओळ स्वतः लिहिणाऱ्यांसाठी एक जुना सापळा आहे. ‘० २ १-७ * ०’ अशी ओळ लिहून पहिल्या रविवारी रात्री दोन वाजता काम होईल, अशी अपेक्षा ठेवली जाते. महिन्याचा दिवस आणि आठवड्याचा वार हे दोन्ही रकाने भरलेले असतील, म्हणजे कशातही ‘*’ नसेल, तर क्रॉन त्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी काम चालवतो. म्हणजे १ ते ७ तारखेपर्यंत रोज, आणि त्याखेरीज प्रत्येक रविवारी. स्क्रब चालू असताना दुसऱ्यांदा दिलेली कमांड नाकारली जाते खरी, पण आदल्या रात्रीचा संपला असेल तर नवा खुशाल सुरू होतो. डेबियनच्या ओळीत वाराच्या रकान्यात ‘*’ ठेवून रविवार आहे का हे कमांडमध्येच तपासले आहे, ते याच कारणाने.

घड्याळाचाही एक मुद्दा आहे. सर्व्हरची वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिली असेल, तर ‘रात्री १२.२४’ म्हणजे आपली पहाटेची ५.५४ आणि ‘रात्री २’ म्हणजे सकाळचे साडेसात. दुकान उघडते त्याच सुमारास डिस्क घरघरू लागतात आणि ‘सर्व्हर सकाळी हळू चालतो’ अशी तक्रार येते. टाइमझोन एशिया/कोलकाता करावा आणि क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करावी, म्हणजे तिला नवी वेळ कळते.

आता दुसरा प्रकार, जो अधिक गुंतागुंतीचा आहे: स्क्रब सुरू झाला, पण संपला नाही. आधी किती वेळ लागणार याचा अंदाज बांधावा. मिररमध्ये ४ टेराबाइट जागा वापरात आहे आणि डिस्क सरासरी सेकंदाला १५० मेगाबाइट वाचते असे धरले, तर साधारण साडेसात तास लागतात. लहान फाइली पुष्कळ असतील आणि त्याच वेळी कोणी काम करत असेल, तर याहून बरेच जास्त. दिवसातून नऊ तासच चालणाऱ्या मशीनवर असा स्क्रब एका दमात पुरा होण्याची आशा धरता येत नाही. ओपनझेडएफएसच्या (झेडएफएसच्या मुक्त स्रोत रूपाच्या) ०.८ या २०१९च्या आवृत्तीपासून स्क्रब आधी मेटाडेटा (कोणती माहिती कोठे आहे याची नोंद) पाहून वाचायच्या ब्लॉकची क्रमवार यादी करतो आणि मग वाचन करतो. म्हणून ‘झेडपूल स्टेटस’मध्ये ‘स्कॅन्ड’ आणि ‘इश्यूड’ असे दोन आकडे दिसतात. पहिला झपाट्याने वाढतो आणि पाहणाऱ्याला दिलासा देतो. काम किती झाले हे सांगणारा आकडा दुसरा.

मशीन बंद केले तर स्क्रब रद्द होत नाही, पूल पुन्हा चालू झाला की तो पुढे सुरू होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तो नेमका कोठून पुढे सुरू होतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. स्क्रब आपली प्रगती डिस्कवर टप्प्याटप्प्याने लिहून ठेवतो, आणि या टप्प्यांमधील मूळ अंतर ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास असते. वीज गेली किंवा मशीन बंद केले, तर शेवटच्या लिहिलेल्या टप्प्यानंतरचे काम वाया जाते. आषाढात दुपारी तीनदा वीज जाते आणि यूपीएस दहा मिनिटांत मान टाकतो, अशा ठिकाणी दोन तासांचा एकही अखंड पट्टा मिळत नाही. तेथे स्क्रब रोज चालतो, डिस्क रोज आवाज करतात, आणि टक्केवारी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे आलेली दिसते. डिस्क खराब असल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही शक्यता तपासावी. हे अंतर झेडएफएसच्या मॉड्यूलच्या ‘झेडएफएस_स्कॅन_चेकपॉइंट_इंटव्हल’ या प्राचलात सेकंदांत असते. ते १८०० केले, की फार तर अर्ध्या तासाचे काम वाया जाते. मॉडप्रोबच्या, म्हणजे मॉड्यूलांच्या सेटिंगच्या, फोल्डरमधील झेडएफएसच्या फाइलीत हा आकडा लिहिल्यास तो मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही टिकते. आकडा उगाच पाच मिनिटांवर मात्र आणू नये, कारण प्रत्येक टप्प्याच्या वेळी तोपर्यंतच्या यादीतले वाचन उरकावे लागते आणि क्रमवार वाचनाचा फायदा त्यात विरतो.

‘पॉज’मुळेही असाच गोंधळ होतो. ‘झेडपूल स्क्रब’ला ‘-पी’ जोडले की स्क्रब थांबून राहतो, आणि मशीन बंद करून चालू केले तरी तो थांबलेलाच राहतो. पुन्हा ‘झेडपूल स्क्रब’ दिल्याखेरीज हलत नाही. काम अडते म्हणून सोमवारी सकाळी कोणी त्याला थांबवले आणि विसरले, तर पुढच्या महिन्यातील क्रॉनची कमांड नवा स्क्रब लावत नाही, तर जुनाच पुढे नेते. इतिहासात दर महिन्याची नोंद दिसते आणि पूर्ण झालेला स्क्रब मात्र एखादाच, हे कोडे बहुधा येथेच सुटते. ‘-एस’ने स्क्रब रद्द केला असेल तर ‘स्कॅन’ची ओळ तसे स्पष्ट सांगते. रिसिल्व्हरची, म्हणजे बदललेल्या डिस्कवर माहिती पुन्हा भरण्याची, गोष्ट वेगळी: डिस्क बदलल्यावर रिसिल्व्हर झाला की त्याची ओळ स्क्रबच्या ओळीची जागा घेते, कारण तेथे शेवटचे एकच स्कॅन दाखवले जाते. त्या ओळीत स्क्रबची तारीख शोधणारी स्क्रिप्ट अशा वेळी चकते.

यावर माझ्या मते टिकाऊ उपाय एकच: तारीख किंवा वार यांच्यावर विसंबून न राहता, शेवटचा स्क्रब पूर्ण होऊन किती दिवस झाले, यावर वेळापत्रक बेतावे. फ्रीबीएसडी या युनिक्स धर्तीच्या प्रणालीत पिरिऑडिक या नियमित कामे चालवणाऱ्या सोयीच्या दैनंदिन कामांत या धाटणीची सोय आहे. ‘डेली_स्क्रब_झेडएफएस_एनेबल’ला ‘येस’ केले की ती रोज पाहणी करते आणि मूळ मर्यादा ३५ दिवसांची असते. तेथील स्क्रिप्ट मात्र पूलच्या इतिहासातील स्क्रबच्या कमांडची तारीख धरते, म्हणजे सुरुवातीची. त्यामुळे अर्ध्यावर रद्द झालेला स्क्रबही तिच्या हिशेबी झालेला ठरतो. लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचे ‘झेडएफएस-स्क्रब-मंथली’ हे पूलच्या नावाने लावायचे टायमर चुकलेले काम मशीन सुरू झाल्यावर करतात, त्यामुळे बंद मशीनचा प्रश्न सुटतो. पण ते काम सोमवारी सकाळी, सगळे कामाला बसलेले असतानाच सुरू होते. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरला हा टायमर उत्तम आहे. रोज बंद होणाऱ्या मशीनला पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

पूर्ण झाल्याची खूण झेडएफएसच्या इव्हेंट डिमनकडून (पूलमधील घडामोडींवर लक्ष ठेवणाऱ्या पडद्यामागच्या प्रोग्रामकडून), म्हणजे झेडकडून करून घ्यावी. झेडच्या फोल्डरमध्ये ‘स्क्रब_फिनिश-’ अशी सुरुवात असलेल्या नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवली, तर स्क्रब संपल्यावर झेड ती चालवतो आणि पूलचे नाव ‘झेडइव्हेंट_पूल’ या चलात देतो. त्या स्क्रिप्टने त्या पूलच्या नावाच्या फाइलीला आजची तारीख लावावी, एवढेच तिचे काम. स्क्रिप्टची मालकी रूटची हवी आणि ती चालवण्याची परवानगी दिलेली हवी, नाहीतर झेड तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ठेवल्यावर झेड पुन्हा सुरू करावा.

मग रोजची वेळ ठरवावी, आणि येथे गोव्याची एक सवय फार उपयोगी पडते. आपल्याकडे बरीच दुकाने आणि कार्यालये दुपारी एक ते साडेतीन बंद असतात. माणसे जेवून वामकुक्षी घेतात, आणि मशीन मात्र चालूच राहते. दुपारी सव्वा वाजता क्रॉनने एक स्क्रिप्ट चालवावी, जी क्रमाने एवढे पाहील: रिसिल्व्हर चालू असेल तर काही करू नये, स्क्रब चालू असेल तरी काही करू नये, स्क्रब थांबवलेला असेल तर ‘झेडपूल स्क्रब’ देऊन पुढे न्यावा, आणि यांपैकी काहीच नसेल, तर खुणेच्या फाइलीची तारीख ३० दिवसांपेक्षा जुनी असल्यासच नवा स्क्रब लावावा. सव्वातीन वाजता दुसरी ओळ, ‘-पी’ देऊन थांबवण्याची. स्क्रब चालू नसताना ही कमांड फक्त तक्रार करते, नुकसान करत नाही. या दोन तासांत वर धरलेल्या वेगाने सुमारे एक टेराबाइट तपासून होते, म्हणजे ४ टेराबाइटचा पूल चार-पाच दुपारींत उरकतो. टप्प्यांचे अंतर १८०० सेकंद करणे येथे ऐच्छिक नाही. ते दोन तासच राहिले, तर पट्टा संपण्याआधी एकही टप्पा लिहिला जाणार नाही, आणि रात्री मशीन बंद झाले की दुसऱ्या दुपारी पहिल्यापासून सुरुवात होईल.

ही व्यवस्था लावल्यावर पॅकेजबरोबर आलेली क्रॉनची ओळ टिप्पणी करून निष्क्रिय करावी. पुढे पॅकेज अद्ययावत करताना ‘तुमची फाइल ठेवायची की नवी घ्यायची’ असे विचारले जाईल, तेव्हा आपली ठेवावी. खुणेची फाइल पहिल्यांदा हाताने तयार करून तिला मुद्दाम दोन महिन्यांपूर्वीची तारीख द्यावी, म्हणजे पुढच्याच दुपारी सगळी साखळी चालून दाखवते. स्क्रब संपल्यावर त्या फाइलीची तारीख बदलली, तर झेडही नीट काम करतो असे समजावे.

सूचनेचा प्रश्न उरतो. झेडच्या आरसी (सेटिंगच्या) फाइलीत ‘झेड_ईमेल_ॲडर’ या ओळीत पत्ता भरला, तरी मुळात बिघाड असेल तेव्हाच पत्र येते. ‘झेड_नोटिफाय_व्हर्बोज’ १ केले की सुखरूप संपलेल्या स्क्रबचेही पत्र येते. पुष्कळ जण तेवढ्यावर थांबतात, पण न आलेल्या पत्राची आठवण माणसाला होत नाही. म्हणून सव्वा वाजताच्या त्याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक अट घालावी: खूण ४५ दिवसांपेक्षा जुनी झाली, तर रोज पत्र. रोजच्या पत्राचा त्रास हाच त्याचा उपयोग आहे.

पावसाळ्यात स्क्रब बंद ठेवावा का, असे बरेच जण विचारतात. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर नवे लिहीत नाही, त्यामुळे स्क्रब चालू असताना वीज गेली तरी पूल विसंगत होत नाही. उलट विजेचे धक्के डिस्कला बसतात ते याच महिन्यांत, आणि तपासणीची गरजही याच महिन्यांत अधिक. एक पूर्ण स्क्रब मे महिन्यात उरकून घ्यावा आणि पुढे वेळापत्रक तसेच चालू ठेवावे. चवथीला कार्यालय आठवडाभर बंद असले, तरी वरील पद्धतीत फक्त आठवड्याचा उशीर होतो, महिना बुडत नाही.

स्क्रबमध्ये चुका निघाल्या तर लगेच ‘झेडपूल क्लिअर’ देऊन आकडे पुसू नयेत. एकाच डिस्कच्या ‘चेकसम’ रकान्यात आकडे आहेत आणि डिस्कची स्वतःची आरोग्य-नोंद (‘स्मार्ट’) दाखवणाऱ्या स्मार्टकंट्रोलच्या अहवालात १९९ क्रमांकाची, सीआरसी चुकांची (केबलवरून माहिती जाताना होणाऱ्या चुकांची) नोंद वाढते आहे, असे असेल तर आधी केबल आणि तिची खोबण पाहावी; किनाऱ्यालगतच्या दमट, खाऱ्या हवेत हे संपर्क गंजतात, आणि केबल काढून नवी लावल्यावर तो आकडा वाढायचा थांबतो. १९७ क्रमांकाची, प्रलंबित सेक्टरांची (वाचता न आलेल्या तुकड्यांची) नोंद वाढत असेल तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. स्मार्टची दीर्घ चाचणी आणि स्क्रब एकाच वेळी लावू नयेत, दोन्ही रखडतात. ‘झेडपूल स्टेटस’ला ‘-व्ही’ जोडल्यावर कायमच्या खराब झालेल्या फाइलींची नावे मिळतात. त्या बॅकअपवरून परत आणल्यानंतरही जुनी नोंद लगेच जात नाही, त्यासाठी पुन्हा स्क्रब करावा लागतो, कधी दोनदाही.

राहिला बॅकअपचा बाह्य डिस्कवरील पूल, जो प्रत घेण्यापुरताच जोडला जातो आणि मग एक्स्पोर्ट करून, म्हणजे मशीनपासून रीतसर सोडवून, कपाटात जातो. कोणतेही वेळापत्रक त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, कारण जोडलेला नसलेला पूल स्क्रबला दिसतच नाही. तेथे प्रत घेणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटीच ‘-डब्ल्यू’ जोडलेला ‘झेडपूल स्क्रब’ ठेवावा, जो स्क्रब पुरा होईपर्यंत वाट पाहतो, आणि त्यानंतरच एक्स्पोर्ट करावे. ओपनझेडएफएस २.० किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर ही सोय मिळते. दर खेपेला एवढा वेळ देणे परवडत नसेल, तर येथेही खुणेची तारीख पाहून ३० दिवसांनंतरच स्क्रब लावावा, आणि त्या दिवशी डिस्क रात्रभर जोडलेली राहील असे घरी निघणाऱ्या शेवटच्या माणसाला सांगून ठेवावे.